आईच्या पायांबद्दल, आणि फिन्सबरीबद्दल

लंडन, रविवार दुपार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की दादाभाई नौरोजी लंडनमधल्या ज्या फिन्सबरीतून पार्लमेंटात गेले, ते माझ्या कामाच्या हद्दीत येतं का. येतं. १८९२ साली दादाभाई तिथून अगदी मूठभर मतांनी निवडून आले होते. आता त्या नावाची बरो, म्हणजे इथली नगरपालिका, राहिलेली नाही. १९६५ साली ती इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली. पण दादाभाईंचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी लिहायला बसले ते डॉ. चुनीलाल कटियाल यांच्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर आईच्या पायांबद्दल. दोन्हींचा संबंध आहे, जरा दम धरा.

कटियाल मूळचे पंजाबचे. गोदी कामगारांच्या वस्तीत, कॅनिंग टाउनला त्यांचा दवाखाना होता. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधीजींना चार्ली चॅप्लिन भेटला तो यांच्याच घरी. पुढे ते फिन्सबरीला आले, नगरसेवक झाले, बरोच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले आणि १९३८ साली महापौर. दक्षिण आशियातून आलेला ब्रिटनमधला पहिला महापौर म्हणून त्यांचं नाव घेतात. आरोग्य समितीवर असताना त्यांनी बर्थोल्ड लुबेट्किन नावाच्या वास्तुरचनाकाराला हाताशी धरलं आणि पाइन स्ट्रीटवर एक आरोग्य केंद्र उभं केलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये ते उघडलं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा यायच्या जवळजवळ दहा वर्षं आधी.

बाहेरून इमारत साधी दिसते. दोन्ही बाजूंचे भाग पुढे आलेले आणि मधे काचेच्या विटांची भिंत. त्या विटांमधून आत येणारा उजेड दुधासारखा असतो, पावसाळी दिवशीसुद्धा. आत एकाच छपराखाली क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, पायांचा दवाखाना, लहान मुलांना बसवायला कृत्रिम उन्हाची खोली, व्याख्यानांचं सभागृह. तळघरात कपडे-गाद्या निर्जंतुक करायची सोय. शिवाय शवागार, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, राहायच्या खोल्या. ज्यांच्या घरात ढेकणांसाठी धुरी द्यायची असेल त्या कुटुंबाने तेवढ्यापुरतं इथे राहायचं. बाबा, लालबागच्या चाळीत आजी खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची आणि सगळं बिऱ्हाड गॅलरीत पडायचं, ते तुम्हीच सांगितलंय. इथल्या समितीने विचार केला की घर रिकामं करायला सांगायचं तर माणसांनी जायचं कुठे. सरकारी कामात हा प्रश्न इतक्या लवकर कोणाला पडलेला मी फार पाहिला नाही.

भिंतींवर चित्रं काढून लिहिलं होतं की दिवसरात्र मोकळी हवा घ्या. लंडनच्या कोळशाच्या धुरात! डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांच्या धुरक्यात शहरात चारेक हजार माणसं जास्त मेली असा तेव्हाचा हिशेब होता, नंतरच्या अभ्यासांत तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यातली पुष्कळशी म्हातारी होती आणि आधीच छातीने बेजार होती. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. ज्या भागात धुरावर बंदी घातली तिथल्या शेगड्या बदलायच्या खर्चातले दहापैकी सात भाग सरकार आणि नगरपालिका मिळून द्यायच्या. हे सगळं आता शाळेच्या पुस्तकांत आहे, म्हणून लांबवत नाही.

मला गोडी लागलीय ती आरोग्य अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालांची. प्रत्येक बरोला एक वैद्यकीय आरोग्य अधिकारी नेमावाच लागायचा आणि त्याने दरवर्षी अहवाल छापायचा असा दंडक होता. त्यात जन्म-मृत्यू, घटसर्प, उंदीर, आइस्क्रीमचे नमुने, दुधातली भेसळ, गळकी छपरं, सगळं एका ओळीत. आपल्या कुलकर्णी तलाठ्याचं दप्तर आठवतं. १९५० च्या दशकात त्यांचा सूर बदलताना दिसतो. घटसर्प लशीने आटोक्यात आला, क्षयावर औषधं आली, आणि पानापानांवर म्हातारी माणसं दिसायला लागली. फिन्सबरीत युद्धाआधी सत्तर हजारांच्या आसपास लोक राहायचे, १९५१ च्या जनगणनेत ते जेमतेम पस्तीस हजार उरले. बॉम्ब पडले, घरं गेली, तरुण मंडळी उपनगरांत नव्या घरांत गेली. मागे राहिले ते आईवडील, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, एका खोलीत, नळ जिन्यात.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला का सांगतेस. सांगते ना.

५ जुलै १९४८ ला दोन कायदे एकाच दिवशी लागू झाले. एक आरोग्य सेवेचा, दुसरा राष्ट्रीय साहाय्याचा. दुसऱ्याने जुना गरिबांचा कायदा मोडीत काढला, ज्याच्या नावाने वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणारी घरं, चालायची. पण या घडामोडीत दवाखाने, घरी येणारी नर्स, घरकामाला मदतनीस हे सगळं लंडनच्या काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे सगळ्या बरोंच्या वरच्या मोठ्या पालिकेकडे गेलं, आणि बरोकडे उरलं उंदीर, गटारं, धूर, ढेकूण, अन्नतपासणी. म्हणजे एकाच आजीकडे नर्स यायची काउंटीची, घाणीची तक्रार आली तर निरीक्षक यायचा बरोचा, गरम जेवणाचा डबा आणायच्या हिरव्या गणवेशातल्या स्वयंसेविका, आणि पैशांची तूट भरून काढायचं साहाय्य मंडळ. चौघांच्या चार वह्या. मला हा कारभार अजिबात पटत नाही, आणि अजूनही तो पुरता सुधारलेला नाही. माझा अर्धा दिवस फोनवर जातो तो याच कारणाने.

तरीही त्या गोंधळात काही कामं फार शहाणपणाने झाली. त्यातलं एक चादरींचं. अंथरुणात लघवी होणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चादरी घरी धुवायला जागा नाही, वाळत घालायला तर नाहीच. लेकीसुना सगळं सोसायच्या आणि शेवटी चादरींपाशी हात टेकायच्या. कित्येक बरोंनी मग निर्जंतुकीकरणाच्या केंद्रातच त्या धुवायची सोय केली. गाडी यायची, मळक्या न्यायची, धुतलेल्या द्यायची. ज्या यंत्रणेने ढेकूण मारले तीच आता चादरी उकळत होती. यावर कोणी भाषण केलं नसेल, पण कितीतरी माणसं स्वतःच्या घरात राहिली ती यामुळे.

आणि दुसरं पायांचं. आई, आता नीट वाच. वय झालं की नखं जाड होतात, वाकडी वाढतात, आणि वाकायला येत नाही म्हणून कापली जात नाहीत. अंगठ्याचं नख वळून शेजारच्या बोटात रुततं. मग बूट घालवत नाही, माणूस सपाता ओढत घरातच फिरतो. जिना उतरणं बंद, म्हणून दुकान बंद, म्हणून चहा-पाव. काही महिन्यांनी तोच माणूस अशक्त होऊन पडतो आणि कागदावर आजाराचं काहीतरी मोठं नाव येतं. सुरुवात नखापासून झालेली असते. फिन्सबरीने १९३८ सालीच पायांना स्वतंत्र जागा दिली होती. सरकारने देशभरातल्या स्थानिक आरोग्य यंत्रणांना ही सेवा द्यायची मुभा दिली ती १९५९ मध्ये. मी घरोघरी जाते तेव्हा न्हाणीघरात दांडी कुठे बसवायची ते नंतर, आधी मोजे काढायला सांगते.

तुला तर साखर आहे. ती असली की पायाची जाण हळूहळू जाते, टोचलेलं कळत नाही. तपासणी सोपी असते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा जाडसर धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात, तू डोळे मिटून "लागलं" म्हणायचंस, बस. वर्षातून एकदा तरी हे व्हायला हवं. आणि बाबांनी ब्लेडने घट्टा तासणं आजपासून बंद. बाबा, रागावू नका, हात थरथरतो हे तुम्हालाही माहीत आहे.

मदतीला बाई ठेवा म्हटलं की "परकी बाई घरात नको" हे तुमचं म्हणणं मी ऐकलंय. तेही काही नवीन नाही. तेव्हाची म्हातारी माणसं मदत नाकारायची, कारण त्यांना वाटायचं की एकदा नाव वहीत चढलं की पुढची पायरी वर्कहाउस. भीती अगदीच खोटी नव्हती. कित्येक वर्कहाउसच्या इमारती १९४८ नंतरही तशाच वापरात होत्या, फक्त पाटी नवी. शिवाय राष्ट्रीय साहाय्याच्या कायद्यात ४७ वं कलम होतं. आरोग्य अधिकाऱ्याने लिहून दिलं की अमुक माणूस घाणीत राहतोय, स्वतःचं बघू शकत नाही आणि बघणारं कोणी नाही, की मॅजिस्ट्रेट त्याला तीन महिन्यांपर्यंत रुग्णालयात किंवा आश्रमात हलवायचा हुकूम देऊ शकायचा, आणि मुदत वाढवताही यायची. १९५१ साली तातडीने हलवायची तरतूदही जोडली. ज्या माणसाने आयुष्यभर लशी टोचल्या, उंदीर पकडले, त्याच्याच हातात म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचा कागद! हे कलम इंग्लंडमध्ये रद्द झालं ते थेट २०१५ साली. मला विचाराल तर ते पन्नास वर्षं आधी जायला हवं होतं.

पण त्याच कायद्यात दुसरीही एक गोष्ट होती. आश्रमात राहणाऱ्याने आपल्या २६ शिलिंगांच्या पेन्शनमधले २१ शिलिंग राहण्या-जेवण्याचे स्वतः भरायचे आणि ५ शिलिंग खिशात ठेवायचे. आरोग्यमंत्री अॅनायरिन बेव्हन यांचा हिशेब असा, की हॉटेलात मालक आणि उतारू यांचं जसं असतं तसं इथे असावं. घरी येणाऱ्या मदतनीस बाईचे पैसेही ऐपतीप्रमाणे घेतले जात. त्या बायका बहुधा आसपासच्याच असायच्या. शेगडी पेटवायची, रांगेत उभं राहून सामान आणायचं, फरशी पुसायची, आणि जाताना दोन गोष्टी बोलायच्या.

हो, कटियाल राहिलेच. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक झाले. म्हणजे बाबा, ठाण्याच्या कंपनीत तुमच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे म्हणून कापले जायचे, आणि माझ्या गोवराच्या वेळी तुम्ही ज्या कार्डावर औषधं आणलीत, त्या कारभाराची घडी बसवणाऱ्यांत हा फिन्सबरीचा महापौर होता. तेव्हा तुम्ही कधी म्हणाला नाहीत की हे उपकार आहेत. पैसे कापलेत, हक्काचं आहे, म्हणून रांगेत उभे राहायचात.

आता कामाचं. वैद्य काकूंकडे येणाऱ्या मंदाताईंशी मी फोनवर बोलले. त्या सोमवारी अकरा वाजता तुम्हाला भेटायला येतील, नुसत्या भेटायला. सकाळचे दोन तास जमतील म्हणाल्या. आईची आंघोळ, केर-फरशी आणि खालून भाजी. पायांची तपासणी त्यांचं काम नव्हे, त्यासाठी दादा येत्या शनिवारी गाडी घेऊन येतोय, वेळ त्याने घेतलीय. जाताना आईने चपला त्याच घालाव्यात ज्या रोज घालते, नव्या नकोत, म्हणजे त्या कुठे झिजल्यात ते तपासणाऱ्यांना बघता येईल.

मंदाताईंचे पैसे मी पाठवू शकते, दादाही देईल. पण माझं मत असं की ते बाबांनी पेन्शन आणि एफडीच्या व्याजातूनच द्यावेत, महिन्याच्या एक तारखेला, हातात. म्हणजे त्या तुमच्याकडे कामाला असतील, आमच्याकडे नाही. पटल्या नाहीत तर नको म्हणायचं ते तुम्हीच, आणि किल्ली द्यायची की नाही तेही तुम्हीच ठरवा.

तुमची,
नीता

ता. क. कैऱ्यांचं लोणचं पाठवू नका, मागच्या वेळी बरणी बॅगेत फुटली. नुसता मसाला पाठवा.