मधुमेह पुरवणीतले दात गेले कुठे?

महोदय,

कालची मधुमेह पुरवणी अथपासून इतिपर्यंत वाचली. डोळे आहेत, मूत्रपिंडे आहेत, हृदय आहे, पायांना तर अर्धे पान. तोंडाचा मात्र पत्ता नाही. मधुमेही माणूस बहुधा नाकाने जेवत असावा! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतला २०२३ सालचा आकडा (गोवा २६.४ टक्के, देशात पहिला) तेवढा पुन्हा लाल चौकटीत. पहिला नंबर म्हटल्यावर चौकट हवीच.

मला अकरा वर्षे साखर आहे. तळपायांची तपासणी होते, वर्षातून एकदा डोळे होतात. पण 'आ करा' असे आमचे डॉक्टर एकदाही म्हणाले नाहीत. दात घासताना रक्त यायचे ते मीही बोललो नाही, कारण दुखत नव्हते. पेस्ट तेवढी तीनदा बदलली.

मागच्या गणेशचवथीनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ९.२ टक्के आला. डॉक्टर हसून म्हणाले, "मास्तर, नेवऱ्या बऱ्याच झालेल्या दिसतात." गोळी वाढली. घरी हिने नेवऱ्यांचा (करंज्यांचाच म्हणा) डबा कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला खोचली. देवाशपथ सांगतो, दोनच खाल्ल्या होत्या. पुढच्या खेपेला आकडा तोच, टोमणाही तोच.

शेवटी भाकरी चावताना खालची दाढ हलली, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हिरडी आणि दात यांच्या फटीत खुणा केलेली बारीक सळई घातली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगू लागल्या, "तीन, पाच, सहा, सात." जन्मभर मुलांचे मार्क वाचले, मला वाटले बरे चालले आहे. मग कळले, हे मिलिमीटर. तीनच्या वर गेला तो नापास. आत पू साचला होता. साखर चढली की हिरड्यांतला जंतुसंसर्ग हटत नाही आणि तो मुरला की इन्सुलिन नीट काम करत नाही, मग साखर उतरत नाही. म्हणजे चोर हिरडीत आणि जप्ती नेवऱ्यांच्या डब्यावर!

दाढ गेलीच. जखम भरायलाही बरेच दिवस लागले. पण हिरड्या खोलवर साफ केल्यावर तीन महिन्यांनी, त्याच गोळीवर, आकडा ८.७ झाला. फार नाही, पण उतरला.

तोंड कोरडे पडणे, जिभेवर पांढरा थर, कवळीखाली जळजळ, यांच्यामागेही साखर असू शकते. बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथल्या कुणाकडून चार ओळी मागवता आल्या नसत्या? जागा नव्हती म्हणावे, तर त्याच पानावर मिठाईवाल्याची भलीमोठी जाहिरात होती.

जाता जाता, आमच्या वाड्यावरच्या खड्ड्यांबद्दलचे माझे पत्र आपण अर्धे कापून छापले होते. हेही कापणार असाल तर कापा, फक्त दोन नेवऱ्यांचे वाक्य तेवढे ठेवा. ही रोज आपला पेपर वाचते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा