खोटं बोलून आले, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तीनदा तोंडाशी आलं, आणि तीनही वेळा मी ‘जेवलात का’ एवढंच विचारून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे.

ऑफिसच्या ट्रेनिंगला मुंबईला जाते म्हणाले ते खोटं होतं. मी नोकरी सोडली आहे. इथे खारघरला निफ्टमध्ये, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीमध्ये, दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश घेतलाय, पहिली फीसुद्धा भरली. बाबा, नावात फॅशन आहे म्हणून दचकू नका. हा कुठला खासगी क्लास नाही. केंद्र सरकारची संस्था आहे, २००६ च्या कायद्याने स्वतःची पदवी देते. आणि पैसे माझ्या चार वर्षांच्या पगारातले आहेत, आईच्या पाटल्यांना हात लावायची वेळ येणार नाही.

मला कपड्यांचं मर्चंडायझिंग शिकायचंय. म्हणजे परदेशातला खरेदीदार शर्ट मागतो, तिथपासून तो जहाजावर चढेपर्यंतचं सगळं एका माणसाने सांभाळायचं. कापड किती लागेल, रंगाचा नमुना कधी पास होईल, बटणापासून खोक्यापर्यंत धरून एका शर्टाला काय पडेल. बाबा, आपण खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपल्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी. ते कापड पुढे कुठे गेलं, कितीला गेलं, तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. नोटबंदीच्या वर्षी आपले काही माग भंगारात गेले, त्या रात्री तुम्ही शेडच्या पायरीवर बसून होता. मी दारामागे उभी होते. मला ती पुढची बाजू शिकायची आहे, एवढंच.

परवा वर्गात कापडाचा तुकडा आणि भिंग दिलं, इंचातले धागे मोजायला. मी मोजायच्या आधीच म्हणाले, ९२/८८ कॅम्ब्रिक, म्हणजे इंचात उभे ९२ आणि आडवे ८८ धाग्यांचं पातळ सुती कापड. बरोबर निघालं! मग त्याची शंभर चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापून वजन केलं. पाऊण ग्रॅम भरलं, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम. तुमच्या मांडीवर बसून ते पितळी भिंग डोळ्याला लावायचे ना, तेच आठवत राहिलं.

हॉस्टेल चांगलं आहे. खोलीत आम्ही दोघीच, पंखा नवा, पाणी दिवसभर. जेवण जरा गोड असतं, पण तुझी चटणी पुरवून खाते. आई, काळजी करू नकोस गं. रात्रीची गाडी धरली की सकाळी मी तुझ्या ओट्यापाशी.

सांगलीच्या स्थळाच्या मंडळींना नाही म्हणू नका, दोन वर्षं थांबता का एवढं विचारा. ते नाही म्हणाले तर त्यात तुमचा कमीपणा नाही, दोष माझा सांगा.

आता ऐका. बाबा, या महिन्यात कान तपासून घ्यायचे. शेडमध्ये जाताना नाकातोंडाला रुमाल बांधायचा, खोकला आपोआप जाणार नाही. आई, मधुमेहाची गोळी स्वतःच्या मनाने चुकवायची नाही. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका. आणि बाबा, ताण्याच्या धाग्यांचं बीम संपून उतरेल तेव्हा आपल्या मागावरचं वीतभर कापड पाकिटात घालून पाठवा. एका शर्टाचा हिशेब करून आणायचाय, तो मला आपल्याच कापडावर करायचाय.

तुमची,
चिमी