नाव घेतले, तर नातेही जपावे

महोदय,

अमेरिकेतील ओहायो राज्यात १८०९ साली स्थापन झालेल्या मायामी विद्यापीठाला तिथल्या मायामी या मूळनिवासी लोकांचे नाव आहे. (फ्लोरिडातल्या मायामी शहराचे नाव वेगळ्या मुळातून आले आहे.) विद्यापीठ उभे राहिले, पण १८४६मध्ये याच लोकांपैकी अनेकांना सरकारने बळाने कॅन्सासला हलवले आणि पुढे ओक्लाहोमात. नाव मागे उरले, माणसे हद्दपार झाली. त्यावर कडी म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा संघांना कित्येक वर्षे ‘रेडस्किन्स’ (‘लाल कातडीचे’, हा मूळनिवासींसाठीचा अपमानास्पद शब्द) म्हणत. १९९६मध्ये जमातीने या नावाला असलेला पाठिंबा काढून घेतला आणि पुढच्याच वर्षी संघ ‘रेडहॉक्स’ झाले.

विद्यापीठ एवढ्यावर थांबले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. जमातीच्या मुलांना तिथे शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. २००१ साली जमातीबरोबर सुरू झालेल्या प्रकल्पातून, बोलणारे कुणीच न उरलेली त्यांची भाषा जुन्या कागदपत्रांच्या आधारे पुन्हा शिकवली जाऊ लागली. त्या प्रकल्पाचे संस्थापक संचालक डॅरिल बाल्डविन स्वतः याच जमातीचे.

मूळनिवासींची नावे मिरवणाऱ्या संघांबद्दलचा वाद बहुधा बोधचिन्हापाशीच संपतो. बोधचिन्ह बदलणे आवश्यकच आहे, पण ज्यांचे नाव वापरता त्यांची किती मुले तुमच्या वर्गात बसतात, हेही प्रत्येक संस्थेला विचारले गेले पाहिजे. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनीही तिथे हा प्रश्न जरूर विचारावा.

– एक वाचक, पुणे