आधी चांगला खांदा बघणाऱ्या मॅडमना

मॅडम,

परवा तुमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेढे ठेवून आलो तेव्हा बोलायचं बरंच होतं. पण बाकावर पुढचे पेशंट बसलेले, त्यात माझा घसा दाटून आला, म्हणून नुसतं 'येतो' म्हणालो आणि जिना उतरलो. पन्नाशी ओलांडलेला टर्नर चारचौघांत रडला असता तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुढचं वर्षभर दुसरा विषय निघाला नसता. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढी ओळख आता झालीय.

लेथवरचा चक, म्हणजे जॉब पकडून फिरवणारा जड भाग, उतरवताना खालची फळी सरकली आणि सगळं वजन एका झटक्यात उजव्या हातावर आलं. त्यानंतर हात खांद्याच्या वर जाईना. दिवस कसाबसा निघायचा, रात्र निघायची नाही. कुशीवर वळलं की जीव जायचा.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडाकडं धरला, 'हाड शाबूत आहे, वयाचं दुखणं' म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. खांद्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला स्नायू बांधून ठेवणारा दोर दिसत नाही, हे मला पुढं तुमच्याकडून कळलं. त्यांना ते ठाऊक नसेल असं मी कसं म्हणू? मान वर करून बघायला त्यांना सवड नव्हती, एवढंच म्हणतो. मग गल्लीतल्या जाणत्यांनी मला गाडीत घालून एका हाडवैद्याकडं नेलं. आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या हे काम करणारी माणसं आहेत, त्यांच्या हाताला गुण आलेले लोक मी बघितलेत, त्यामुळं सगळ्यांना नावं ठेवणार नाही. पण यानं दोघांना मला धरायला लावलं आणि तेल लावून हात ओढला. मी ओरडलो तर म्हणाला, 'बसतंय, बसतंय.' काही बसलं नाही. एकानं हात लावला नाही, दुसऱ्यानं सोडला नाही.

शेवटी एमआरआय झाला. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी वरच्याचा दोर हाडापासून सुटलाय, असं निघालं. दुर्बिणीतून शिवायचं ठरलं. सर्जननी बजावलं की खांदा आखडलाय, आधी तो मोकळा करून या, आणि तुमच्याकडं चिठ्ठी दिली. त्यांचे आभार मी समक्ष मानलेत.

तुमच्याकडचा तो पहिला दिवस. शर्ट काढला, दात आवळले आणि डोळे मिटून बसलो. आता ओढणार, ही खात्रीच होती. तुम्ही म्हणालात, "काका, आधी चांगला खांदा दाखवा. हात लावू का?"

मी डोळे उघडले. डाव्या खांद्याला काय झालंय, असं तोंडात आलं होतं. तुम्ही परत विचारलंत, "लावू का?" मी मान हलवली, तेव्हा कुठं हात लावलात. डावा हात वर नेलात, बाजूला नेलात, पाठीमागं नेलात. म्हणालात, "तुमचा चांगला खांदा किती फिरतो ते कळल्याशिवाय दुखऱ्याकडून किती मागायचं, ते मला कसं कळणार?" मापाशिवाय जॉब घ्यायचा नाही, हे मी माझ्या पोरांना रोज सांगतो. डॉक्टरकीतही तसंच असतं हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. आणि डाव्यावर तुमचा हात कसा फिरतो हे बघून झाल्यामुळं उजव्याची पाळी आली तेव्हा माझे दात आपोआप सुटले होते.

मग तुम्ही खांदा समजावून सांगितला. मोठा गोळा आणि त्याला उथळ खोबण. हाडानं धरलेला नाहीच, त्या चार स्नायूंनी चारी बाजूंनी ओढून जागेवर ठेवलेला. म्हणून तर तो इतका फिरतो, आणि म्हणूनच लवकर बिघडतो. ज्या सांध्यात प्ले, म्हणजे हलायला मोकळीक, जास्त तिथं झीज जास्त, हे मला एका वाक्यात पटलं.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही जी तयारी करून घेतलीत, ती घरात अजून चर्चेत आहे. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. टी-शर्ट बंद, पुढून बटणाचे सदरे काढून ठेवा. नाडीचा पायजमा बंद, इलॅस्टिकचा आणा. पाठीला लोड लावून अर्धवट बसून झोपायची सवय आधीपासून करा. आणि डाव्या हातानं जेवायला शिका. यावर आमच्या आईनं घर डोक्यावर घेतलं. डावा हात आपल्याकडं कुठल्या कामाचा, हे काय सांगायला पाहिजे? तुम्ही तिला फोनवर सांगितलंत, "आजी, चमचा देऊया की." तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून द्यायची जबाबदारी आईनं त्या दिवसापासून स्वतःकडं घेतली. चुरगाळतानाचे शिव्याशाप ती अर्थातच त्या पहिल्या डॉक्टरांच्या नावानं घालायची.

हे सगळं उपयोगाचं होतं, पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. ऑपरेशनच्या संध्याकाळसाठी आहे. मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केलेला. छातीवर काहीतरी जड ठेवलंय, डाव्या हातानं चाचपून बघतोय, आणि तो माझाच हात. चिमटा काढला तरी पत्ता नाही. तुम्ही स्लिंग, म्हणजे हात अडकवायची गळ्यातली झोळी, आणि त्याखालची उशी नीट बसलीय का बघायला आलात. वाकलात, आणि थांबलात. "काका, हात उचलू का?"

मी म्हणालो, "मॅडम, विचारताय काय? मला काय कळतंय त्यातलं."

तुम्ही म्हणालात, "हात तुमचाच आहे की."

मी भिंतीकडं तोंड केलं. भुलीचा अंमल असेल असं बायकोला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. न विचारता उचलला असता तर मला समजलंही नसतं, खोलीत कुणाला काही वाटलंही नसतं. तरी तुम्ही विचारलंत.

आपलं कोल्हापूर मदतीला कधी मागं नाही. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रकवाले अडकले, तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी चुली पेटवल्या. 2021 ला परत पाणी आलं, परत तेच. पण आमची माया सगळी धक्क्याची. ताटात नको म्हणेपर्यंत वाढणार, आणि नको म्हटल्यावर आणखी वाढणार. स्लिंग घालून बाहेर पडलो तर प्रत्येक जण 'काय मर्दा, काय झालं?' म्हणून त्याच खांद्यावर थाप घालायला हात उगारायचा. महाद्वार रोडवरनं मी भिंतीला उजवी बाजू लावून चालायचो. मला मदत केलेली माणसं पुष्कळ आहेत. सही जुळत नाही म्हणून अडलेलं काम बँकेतल्या एका पोरीनं मॅनेजरकडं स्वतः नेलं. एक रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याआधी 'काका, धरा' म्हणायचा. चांगुलपणा म्हणजे मोठं काहीतरी देणं असतं, असं मला वाटत आलं होतं. समोरच्याला क्षणभर हो-नाही म्हणायची जागा ठेवणं त्याहून अवघड आहे, आणि त्याला पैसाही पडत नाही.

पुढचे महिने काय सांगायचे? टेबलाला वाकून हात लोंबकळत ठेवायचा आणि अंग हलवायचं, हात नाही. शिवलेला दोर हाडाला धरायला वेळ घेतो, घाई केली तर सुटतो. मग भिंतीवर बोटं चढवायची, मग दोरी-पुली, मग रबराचा पट्टा. कंटाळा आला, रागही आला. एकदा तुमच्यावर ओरडलोसुद्धा, तुम्ही बर्फाची पिशवी बदलून दिलीत. आता हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जातो. चक उचलत नाही, त्यासाठी वर्कशॉपला चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, बसवलाय. आणि वर्कशॉपमधल्या पोरांना लागल्यावर पट्टी बांधून दिली की 'घट्ट झाली काय रे?' असं विचारतो. पोरं बघतच राहतात.

एक काम आहे. पुढच्या सोमवारी आमचा शेजारी तुमच्याकडं येतोय, त्याचाही खांदा धरलाय. तोंडानं फटकळ आहे, हाडवैद्याचाच मार खाऊन आलाय, आल्या आल्या भांडेल. फार मनावर घेऊ नका. मी त्याला फक्त एवढंच सांगितलंय की डाव्या खांद्यावरचा शर्टही काढायची तयारी ठेव.

तुमचा,
उद्यमनगरातला काका