सुमित्रास पत्र : सरकारी वकिलीच्या परीक्षेविषयी

तळोदा

चि. सुमित्रा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललीस, त्याचे उत्तर मला फोनवर देता आले नाही. कोर्टाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे महत्त्वाची गोष्ट कागदावर आल्याशिवाय माझे समाधान होत नाही, म्हणून लिहीत आहे.

सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खालच्या कोर्टातला सरकारी वकील, या पदासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी, असे तुझ्या प्राध्यापकांनी सुचवले आणि तुला ते पटले नाही. ‘जन्मभर आपल्याच माणसांना आत पाठवायचे काम मी का करू?’ हा तुझा प्रश्न खोटा नाही. सातपुड्यातल्या माणसाला कोर्ट म्हटले की पोलीस, जंगलखाते आणि तारीख या तीनच गोष्टी आठवतात, आणि सरकारी वकील हा त्या तिन्हींच्या बाजूने उभा असलेला माणूस वाटतो. तुझे आजोबा जळाऊ लाकडाच्या एका केसमध्ये चार वर्षे डोंगर उतरून तारखांना येत राहिले आणि शेवटी गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे झाले, कारण दंडापेक्षा एसटीचे भाडे जास्त झाले होते. ती केस चालवणाऱ्या वकिलांनी त्यांच्याकडे एकदाही मान वर करून पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

तरीही तू ती परीक्षा द्यावीस असे मला वाटते, आणि त्याला कारण मी शिपाई असताना ऐकलेली एक साक्ष आहे. कोणत्या कोर्टातली ते लिहीत नाही. फिर्यादी आपल्या पावरा जमातीची बाई होती. शेताच्या बांधावरून व्यापाऱ्याच्या गड्यांनी तिला मारले होते आणि कपाळावरची टाक्यांची खूण लांबूनही दिसत होती. सरकारी वकील बाहेरच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सरतपासणीत, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीदाराला पहिले प्रश्न विचारताना, विचारले, “घटना कधी घडली?” ती म्हणाली, “भोंगऱ्याच्या आदल्या बाजाराला.” वकीलसाहेबांनी कागद चाळले आणि गोंधळून विचारले, “हा भोंगऱ्या कोण? त्याचे नाव तुझ्या जबाबात नाही.” ती म्हणाली, “भोंगऱ्या येतो, मग होळी येते.” आरोपीचे वकील तत्काळ उठले आणि साक्षीदार आज नवीनच इसमाचे नाव घेत आहे, हे नोंदवून घ्यावे असे म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. त्यानंतर त्या बाईने प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवली.

होळीच्या आधीच्या आठवड्यातला बाजार म्हणजे भोंगऱ्या, हे बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दाराशी पुकारा करायला उभ्या असलेल्या मलाही ठाऊक होते, पण शिपायाने कोर्टात बोलायचे नसते म्हणून मी गप्प राहिलो. आरोपी सुटले. एका शब्दामुळेच सुटले असे मी म्हणणार नाही, कारण पंचही फितूर झाले होते. पण फेरतपासणीत दोन प्रश्न विचारून तो घोळ निस्तरता आला असता आणि ते दोन प्रश्न सुचतील असा माणूस त्या टेबलापाशी नव्हता.

म्हणजे, आपली माणसे फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात नसतात. ती फिर्यादीही असतात, आणि तेव्हा त्यांचा वकील सरकारीच असतो. शिवाय सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, हे तू पुस्तकात वाचले आहेस; मी ते क्वचित का होईना, प्रत्यक्ष पाहिले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होता तो खटला मागे घेण्याचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. त्याला न्यायालयाची संमती लागते, पण अर्ज सरकारी वकिलाने स्वतःचे डोके वापरून करायचा असतो. आजोबांसारख्याच्या केसचे कागद कोणीतरी नीट वाचले असते, तर चार वर्षांत एकदा तरी ‘ही केस चालवण्याजोगी आहे का’ हा प्रश्न उठला असता.

मथुरा प्रकरण तुम्हाला अभ्यासाला आहेच. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून दोन्ही पोलिसांना सोडले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ओळखले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेथे आदिवासी सरकारी वकील असता तर निकाल वेगळा लागला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि मी ते म्हणत नाही. मला त्या निकालात दिसते ती तिची शांतता. आमच्या कोर्टातली ती बाई हसण्यानंतर जशी गप्प झाली, तसे गप्प होणे म्हणजे काय, हे कायद्यात यायला अकरा वर्षे लागली. तुला ते लहानपणापासून माहीत आहे.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा जो लेख तू दिवाळीत मला वाचायला दिलास, तो मी पुन्हा वाचला. डोनाल्ड मार्शल हा तेथल्या मिगमॉ या आदिवासी जमातीचा सतरा वर्षांचा मुलगा १९७१ मध्ये न केलेल्या खुनासाठी जन्मठेपेला गेला, अकरा वर्षे तुरुंगात राहिला आणि १९८३ मध्ये निर्दोष ठरला. मग चौकशी आयोग बसला. त्या प्रकरणातून दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी निघाल्या, हे मला विशेष वाटले : १९८९ मध्ये डलहौसी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात मिगमॉ आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेशाची योजना आणि १९९० मध्ये सरकारी दबावापासून वेगळी ठेवलेली अभियोग यंत्रणा, म्हणजे सरकारी वकिलांचे खाते. ज्या यंत्रणेने त्या मुलाला आत टाकले तिच्यापासून दूर राहा, असे तेथील लोक आपल्या मुलांना सांगू शकले असते, आणि तसे सांगणारेही असतीलच. पण दार उघडायचे तर आत जाणारा वकील आधी घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे त्या घडवण्याचीच बोंब आहे. नोकरीत आपल्याला सात टक्के जागा आहेत, पण या पदासाठी वकिलीची सनद मिळाल्यावर काही वर्षांची वकिली लागते, आणि ती वर्षे सिनियरच्या ऑफिसात फायली वाहत, महिन्याला खोलीभाड्याइतकेही न मिळवता काढावी लागतात. ज्याच्या बापाचे शहरात घर आहे त्याला ती निघतात. आपल्या मुलांपैकी बरीच जण दुसऱ्या वर्षी तलाठ्याच्या नाहीतर वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरतात. त्यांना नावे ठेवू नयेत. सत्र न्यायालयाची वाट तर याहून अवघड आहे. तेथे जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात आणि किमान ७ वर्षांची वकिली लागते. पण यादीत नाव यायला आधी ते कोणाच्या तरी ध्यानात असावे लागते, आणि बार रूममध्ये आपल्या मुली चहा प्यायलासुद्धा बिचकतात. नुसती जाहिरात काढून आदिवासी सरकारी वकील मिळत नाहीत. पहिली तीन वर्षे पोट भरेल एवढे विद्यावेतन दिले, तर ते मिळतील असे माझे मत आहे.

ते मिळेपर्यंत तुझे विद्यावेतन मी देणार आहे. निवृत्तीच्या पैशांतून घराला स्लॅब टाकायचा होता, तो पुढे ढकलला आहे, आईला विचारूनच. नाशिकला राहायचे की नंदुरबारला यायचे, ते तू ठरव. माझे विचारशील तर नंदुरबारला ये, कारण २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात १०० पैकी ६९ माणसे आदिवासी आहेत आणि तुला जी भाषा येते तिची गरज येथल्या कोर्टाला आहे.

मात्र एक गोष्ट आतापासून लक्षात ठेव. उद्या तू त्या खुर्चीवर बसलीस की दुसऱ्यांच्या केसमध्ये तुला दुभाषी म्हणून बोलावतील. अडलेल्या साक्षीदारासाठी एकदा जा, दोनदा जा, पण नंतर रीतसर दुभाषी नेमण्याचा अर्ज द्यायला लाव. तू साक्षी घ्यायला बसली आहेस, भाषांतराला नव्हे. ॲट्रॉसिटीच्या केसेस तुझ्या आणि चोरी-फसवणुकीच्या इतरांच्या, अशी वाटणी कोणी केली तर तीही मान्य करू नकोस. आणि आपल्या माणसाविरुद्ध पुरावा खरोखर असेल, तर केस नीट चालव. तेव्हा गावात काय बोलतील ते मला ठाऊक आहे. त्यांना उत्तर द्यायला मी आहे.

जात वैधतेची फाईल या पत्रासोबत स्पीड पोस्टाने पाठवत आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पावरा’ ही नोंद आहे, त्याची साक्षांकित प्रत सर्वांत वर लावली आहे. मूळ दाखला माझ्याकडेच ठेवला आहे. तो घ्यायला होळीला स्वतः ये. आई भोंगऱ्याला यायला सांगते आहे.

तुझा,
बाबा