रेडिओचं लायसन्स आणि जर्मनीतले १८ युरो ३६ सेंट

कोलोन, रविवार

ती. आप्पाकाकांस,
सा. न. वि. वि.

अनघाला इथे आल्यावर टीव्ही-रेडिओसाठी महिना १८.३६ युरो भरावे लागतील म्हटल्यावर तुम्ही फोनवर दोन प्रश्न विचारलेत. घरात टीव्ही नसला तरी भरायचे का? आणि पैसे सक्तीने घेतात म्हणजे ती वाहिनी सरकारचीच नाही का? दोन्ही रास्त आहेत. फोनवर घाईत उत्तर देण्यापेक्षा नीट लिहितो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी मेख तिथे आहे. तुम्ही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचात, पुस्तिकेत तिकिटं लावून शिक्का मारून घ्यायचात. तो पैसा सरकारकडे जायचा आणि आकाशवाणीही सरकारचंच खातं होतं. इथला पैसा सरकारी तिजोरीची पायरीसुद्धा चढत नाही. एआरडी, झेडडीएफ आणि डॉइचलांडरेडिओ या तीन प्रसारण संस्थांचं मिळून एक वसुली कार्यालय इथे कोलोनमध्ये आहे, तिथेच तो जमा होतो. १८.३६ मधले सुमारे १२.७८ युरो एआरडीला, ४.६९ झेडडीएफला आणि ५४ सेंट डॉइचलांडरेडिओला मिळतात. उरलेले ३५ सेंट जातात खासगी वाहिन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्यांच्या माध्यम प्राधिकरणांना. ही प्राधिकरणंही मंत्रालयाच्या पैशावर चालत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता रक्कम कोण ठरवतं ते बघा. संस्था आपला खर्च केईएफ नावाच्या आयोगापुढे मांडतात. त्यात १६ तज्ज्ञ, प्रत्येक राज्याचा एक. ते हिशेब तपासतात, फुगवलेले आकडे कापतात आणि चार वर्षांसाठीची रक्कम सुचवतात. मग ती १६ही विधानसभांनी मंजूर करायची. एक जरी अडली तरी सगळं अडतं. २०२० च्या डिसेंबरात झाक्सन-आनहाल्ट राज्यात नेमकं हेच झालं आणि १७.५० वरून होणारी ८६ सेंटची वाढ थांबली. जुलै २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती स्वतःच लागू केली. म्हणणं असं, की रक्कम कमी करायची तर तपासता येईल असं कारण द्या. बातम्या आवडत नाहीत म्हणून हात आखडता घेता येणार नाही. तरी दुखणं गेलेलं नाही. २०२५ पासून १८.९४ करा असं आयोगाने सांगितलं, राज्यांनी ते केलं नाही, आणि एआरडी-झेडडीएफ पुन्हा त्याच न्यायालयात गेले.

पैसा अडवता आला नाही तर माणसं बदलायची, ही दुसरी वाट. २००९ मध्ये झेडडीएफचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांची मुदत वाढवायला प्रशासकीय मंडळातल्या राजकारण्यांनी नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं. मार्च २०१४ मध्ये निकाल लागला, की देखरेख मंडळांत सरकार आणि पक्षांशी जोडलेली माणसं एक-तृतीयांशाहून जास्त नकोत. आज झेडडीएफच्या ६० जणांच्या दूरचित्रवाणी परिषदेत अशी २० माणसं आहेत. बाकी चर्च, कामगार संघटना, क्रीडा संघटना वगैरेंची. माझ्या मते २० सुद्धा जास्तच आहेत.

शुल्काची ही व्यवस्था मोडली की काय होतं ते स्लोव्हाकियात दिसलं. तिथे घरटी शुल्क जुलै २०२३ मध्ये बंद केलं आणि वाहिनीचा खर्च सरकारी अर्थसंकल्पात घातला. लोकांना सवलत वाटली. मग नव्या सरकारने त्या निधीला कात्री लावली, आणि १ जुलै २०२४ ला आरटीव्हीएस ही संस्थाच कायद्याने मोडून तिच्या जागी एसटीव्हीआर उभी केली. जुन्या प्रमुखांचं पद आपोआप गेलं. युरोपीय संघाचा माध्यम स्वातंत्र्य कायदा ८ ऑगस्ट २०२५ पासून पूर्ण लागू झाला. त्यात निधी पुरेसा आणि आधी कळणारा असावा, प्रमुखाला मुदतीआधी अपवादानेच काढता यावं, असं लिहिलं आहे. स्लोव्हाकियाच्या वेळी तो लागू असता तर बरं झालं असतं.

आता अनघासाठी. टीव्ही असो-नसो, २०१३ पासून शुल्क घराला आहे, यंत्राला किंवा माणसाला नाही. ती महापालिकेत पत्ता नोंदवेल तेव्हा तो वसुली कार्यालयाला आपोआप कळतो आणि काही आठवड्यांत पत्र येतं. ते जाहिरात समजून टाकून देतात, चूक तिथेच होते. उत्तर दिलं नाही तर तिच्या नावाने खातं उघडतात आणि राहायला आल्यापासूनची बाकी लावतात. हप्ता तीन महिन्यांचा, ५५.०८ युरो, थकला तर किमान ८ युरो दंड.

चार मुली एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर एकीनेच भरायचं. बाकीच्यांनी पत्राला उत्तर देताना तिचं नाव आणि नऊ आकडी शुल्क क्रमांक कळवायचा. ती भरणारी घर सोडून गेली की तो क्रमांक बाकीच्यांच्या कामाचा राहत नाही. राहिलेल्यांपैकी कुणीतरी लगेच नाव लावायचं. वसतिगृहात मात्र खोलीचं दार सगळ्यांच्या कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर ती एकटी खोली म्हणजेच घर, पूर्ण १८.३६. तेव्हा खोली घेण्याआधीच दार कुठे उघडतं ते विचारायला सांगा. माफी मिळते ती बाफ्योग ही सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यांना ती सहसा नसते, त्यामुळे विद्यार्थी आहे एवढ्यावर सुटका नाही.

देश सोडताना महापालिकेत नाव काढलं म्हणजे इथलंही निघालं, असं होत नाही. महापालिकेचा दाखला जोडून वसुली कार्यालयाला वेगळं कळवावं लागतं, नाहीतर ती पुण्यात आणि थकबाकी इथे चढत राहते.

काकूंना नमस्कार. अनघाचा फ्लॅट ठरला की पत्ता कळवा, तिथे आधीपासून कोण भरतं ते तिने घरमालकाला विचारून ठेवावं.

तुमचा,
सुहास