कोजागिरीची सांबारवडी : आठवण

मंडळाच्या सगळ्या सभासदांना रामराम. कोजागिरीला संध्याकाळी ६ वाजता मारुतीच्या पारावर जमायचं आहे. सांबार (म्हणजे कोथिंबीर) सकाळीच निवडून, धुऊन सुती लुगड्यावर पसरा. ओला राहिला की सारणाला पाणी सुटतं आणि वडी तेलात उकलते. मागच्या वर्षी पहिला घाणा असाच गेला, कढई नुसती हिरवीगार! खसखस, खोबरं, तीळ मंडळाचे. बेसन आणि कणीक ज्यानं त्यानं घरून आणावी. वडीची पुडी (सारण भरून घडी) घालता येणाऱ्या बायांनी (आणि पुरुषांनीही, लाजू नका) ५ वाजताच यावं. कढी मोठ्या गंजात (पातेल्यात) करू. ताक कोण देणार ते उद्यापर्यंत कळवा. भुलाबाईची गाणी आटोपली, खिरापत ओळखून झाली की मगच दूध. ताटली-पेला घरूनच आणा, द्रोण दरवर्षी कमी पडतात.